छंद आणि जुगार यांतील सीमारेषा

जपानी अ‍ॅनिमे आणि व्हिडिओ गेम यांचा छंद पुण्यातील अनेक घरांत वादाचा विषय ठरतो. पालकांच्या लेखी तो निव्वळ वेळेचा अपव्यय असतो. वास्तविक जपान या शहराला परका नाही. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर साकारले आहे. जपानी भाषेचे वर्गही येथे अनेक दशके भरत आहेत. हिंदीत ‘डोरेमॉन’ पाहत वाढलेली मुले या वर्गांकडे वळली, तर त्यात नवल नाही.

गेमचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर बंदी आली, ती देशाची सुरक्षितता आणि माहितीचा गैरवापर या कारणांवरून, मुलांच्या हिताचा विचार त्यामागे नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सना मान्यता दिली. छंद आणि जुगार यांत कायद्याने फरक केला, हे योग्यच झाले. परंतु अभ्यास, झोप आणि खेळ यांचे वेळापत्रक कायदा ठरवू शकत नाही. ते पालकांनी मुलांशी बोलूनच ठरवावे लागेल. सरसकट मनाई केल्यास मुले खेळ सोडण्याऐवजी तो लपवू लागण्याचीच शक्यता अधिक आहे.