संगणक-मित्र : क्लास हरवला कुठे?

1995 साली आलेली जावा बंगळुरूला नोकरी शोधायला गेलेल्या नवशिक्यांना आजही रडवते. प्रोग्रॅम बिनचूक कंपाइल होतो. चालवताना मात्र ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’! ऐन चाचणीत घाबरून प्रोग्रॅम पुन्हा लिहायला बसू नका. दोष बहुधा पत्त्याचा असतो. ‘जावा’ या आज्ञेपुढे फक्त क्लासचे नाव द्या. ‘डॉट क्लास’ हे शेपूट नको. लहान-मोठी अक्षरे तंतोतंत हवीत. क्लास पॅकेजात असेल तर त्या फोल्डरबाहेर येऊन पॅकेजसह पूर्ण नाव लिहा. काल चाललेला प्रोग्रॅम आज अडला? एखाद्या नव्या सॉफ्टवेअरने ‘क्लासपाथ’ ठरवून टाकला असेल. मग जावा चालू फोल्डरमध्ये डोकावतही नाही. विंडोजवर अर्धविराम, लिनक्सवर कोलन देऊन त्यात एक टिंब घाला. टिंब म्हणजे चालू फोल्डर.