ठिपक्यांचा हिशेब



गेल्या महिन्यात नातवंडांसह एक लघुपट पाहिला. अमेरिकेतील ‘झिरो पॉप्युलेशन ग्रोथ’ या संस्थेने १९७२ मध्ये तयार केलेला व पुढे वेळोवेळी अद्ययावत झालेला हा ‘वर्ल्ड पॉप्युलेशन’. पडद्यावर जगाचा नकाशा, पुढे सरकणारी सनावळी आणि दर दहा लाख माणसांमागे उमटणारा एक ठिपका, एवढेच. इसवी सन १ पासून प्रारंभ होतो. कित्येक शतके नकाशा जवळजवळ स्तब्ध असतो आणि मुले चुळबुळू लागतात. एकोणिसाव्या शतकानंतर मात्र ठिपक्यांची अशी झड लागते की मुले आपोआप गप्प होतात. तासभराच्या व्याख्यानाने जे साधत नाही, ते काही मिनिटांत साधते.

पहिले शंभर कोटी गाठण्यास मानवजातीला सुमारे १८०४ पर्यंतचा काळ लागला. २०११ मधील सातशे कोटींचे आठशे कोटी व्हावयास ११ वर्षे पुरली. वाढीचा वार्षिक दर १९६० च्या दशकात दोन टक्क्यांवर होता, तो आता एका टक्क्याखाली आला आहे. तरीही दरवर्षी सुमारे सात कोटींची भर पडते. व्याजाचा दर उतरला तरी मुद्दल मोठे असल्यास व्याजाची रक्कम मोठीच राहते, हे आपल्या व्यापारी घरांत सांगावयास नको.

लघुपट संपल्यावर धाकट्या नातवाने विचारले, “आजोबा, यांत आपले ठिपके किती?” २०११ च्या जनगणनेत भारतात जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, म्हणजे जेमतेम साडेचार ठिपके. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपला प्रजनन दरही अवघा १.६. “म्हणजे गर्दी आपण केलीच नाही!” नातू आनंदाने म्हणाला. मलाही क्षणभर बरे वाटले.

पण खतावणी तपासण्याची सवय जात नाही. या लघुपटात सर्व ठिपके सारखेच आहेत. पृथ्वीच्या खात्यावर मात्र ते सारखे नाहीत. जगातील सर्वांत संपन्न दहा टक्के लोकांकडून जवळपास निम्मे कार्बन उत्सर्जन होते. ठिपक्यांचा आकार उपभोगानुसार काढला, तर आपल्यापैकी अनेकांचे ठिपके बरेच मोठे दिसतील. लग्नातील पंगतीत उरलेले अन्न, एकदाच नेसून कपाटात गेलेल्या साड्या, दारातील तिसरी मोटार यांची नोंद जनगणनेत होत नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण व भोगोपभोग-परिमाण सांगितले आहे. परिमाण म्हणजे स्वतःच आखलेली मर्यादा. संख्या कमी असणे हा योगायोग असू शकतो. गरजा कमी असणे हे व्रत आहे.

पाठशाळेत हा लघुपट अवश्य दाखवावा. त्यानंतर प्रत्येक मुलाने वर्षभरात न वापरलेल्या आपल्या वस्तूंची यादी करावी. आमच्या घरी हा प्रयोग झाला. नातवाची यादी एका पानात संपली. माझ्या यादीस दुसरे पान लागले.