भूल किती वेळ राहते?

आपल्या वस्तीत कोणी ऑपरेशननंतर लवकर जागे झाले नाही, की लोक म्हणतात, "भूल जास्त झाली." दर वेळी तसे नसते.

मोठ्या ऑपरेशनमध्ये झोपेच्या औषधासोबत स्नायू सैल करणारे औषधही देतात. त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून तेवढा वेळ मशीन श्वास देते. व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम यांचा अंमल साधारण अर्धा ते पाऊण तास राहतो. शेवटी तो उतरवणारे इंजेक्शन देतात. सक्सिनिलकोलीनचा अंमल ५ ते १० मिनिटांतच जातो, कारण रक्तातले एक एन्झाइम ते औषध मोडून टाकते. काहींच्या रक्तात हे एन्झाइम जन्मतःच कमजोर असते. त्यांचा श्वास परतायला काही तास लागतात. तोवर मशीनवर ठेवले, की औषध उतरते आणि माणूस सावरतो.

हा दोष आईवडिलांकडून येतो. दक्षिणेतल्या वैश्य समाजात तो जास्त आढळला आहे. पण तो कोणाच्याही घरात असू शकतो. आधी कळले तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात.

म्हणून दिंडोशीतल्या घरांना आमचे सांगणे आहे. "घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का?" असे विचारले, तर घाईने "नाही" म्हणू नका. कोणाला जास्त वेळ मशीनवर ठेवले असेल, तर कारण लिहून मागा. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे मिळायला हवीत. ती जपा आणि भावंडांनाही सांगा.