ईईजी मनातलं वाचत नाही

फिट येणाऱ्या रुग्णाला ईईजी लिहून दिला की खांदेश्वरच्या माझ्या दवाखान्यात कधी कधी हळूच प्रश्न येतो, "डॉक्टर, त्यात मनातलं कळतं का हो?" मी हसून नाही म्हणतो. पण मित्रांनो, पुण्यात एका कोर्टाने कळतं असं मानलं होतं.

जून २००८. आर्सेनिक देऊन केलेल्या खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने एका तरुणीला जन्मठेप दिली. इतर पुराव्यांबरोबर 'बीईओएस' या ब्रेन मॅपिंग चाचणीचा अहवालही ग्राह्य धरला. या चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि "मी आर्सेनिक विकत घेतलं" अशी वाक्यं ऐकवतात. आरोपीने गप्प बसायचं. मेंदूच्या लहरींवरून सॉफ्टवेअर ठरवतं, हे तिने स्वतः अनुभवलंय की नाही!

ईईजी म्हणजे कवटीवरून मोजलेली असंख्य पेशींची एकत्रित वीज. लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहून गलका ऐकावा तसं. वरात आली हे कळेल, मावशी काकूच्या कानात काय कुजबुजली ते नाही. झोप, बेशुद्धी, फिटची प्रवृत्ती यांचा अंदाज येतो. तोही नेहमी नाही. फिट येणाऱ्याचा ईईजी नॉर्मल येऊ शकतो.

शिवाय आठवण ही कपाटातली फाईल नव्हे. मेंदू ती दर वेळी नव्याने जुळवतो, आणि कल्पना करतानाही बरेचसे तेच भाग काम करतात. चौकशीत तेच तेच ऐकलेल्या निर्दोष माणसाच्या डोळ्यांसमोरही ते दृश्य उभं राहणारच.

संगणकाने मेंदूचा अभ्यास जरूर करावा. पण घरचं शुगरचं मशीन किती चुकतं हेसुद्धा आम्ही विचारतो. ही चाचणी निर्दोषाला कितीदा दोषी ठरवते? त्याचं पक्कं, स्वतंत्रपणे तपासलेलं उत्तर हवं. निम्हान्सच्या संचालकांच्या समितीने २००८ मध्येच ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. तरुणीला पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला.

५ मे २०१० रोजी 'सेल्वी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्यांच्या सक्तीला मनाई केली. संमतीने मात्र चालते. कसली संमती? ऑपरेशनआधी धोके न सांगता सही घेतली तर आम्हाला कोर्टात खेचाल. पुण्याच्या तरुणीनेही होकार दिलाच होता.

तुमच्यावर किंवा घरच्या कुणावर अशी वेळ आली, तर नकार देता येतो. होकार द्यायचाच असेल तर तो मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवावा लागतो, आणि त्याआधी वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. तो सोडू नका.