विश्लेषण : पदक मिळाले, पण सेवा नोंदीत नाही! माजी सैनिकांनी दुरुस्ती कशी करून घ्यावी?

निवृत्तीच्या दिवशी जवानाच्या हाती डिस्चार्ज बुक पडते. त्यात सेवेचा कालावधी, हुद्दा, वैद्यकीय श्रेणी आणि मिळालेली पदके नोंदवलेली असतात. पदकांच्या रकान्यात एखादे नाव राहून गेले किंवा चुकीचे लिहिले गेले, तर त्याचा परिणाम सन्मानापुरता राहत नाही. काही पदकांवर दरमहा भत्ता आणि प्रवास सवलतही अवलंबून असते. धडगावसारख्या दुर्गम भागातील माजी सैनिकाने ही चूक दुरुस्त करायची तर सुरुवात कुठून करावी?

पदकाची नोंद होते कशी?

जवान ज्या युनिटमध्ये असतो, ते युनिट त्याच्या सेवेतील प्रत्येक बदलाचा आदेश काढते. लष्करात त्याला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. बदली, बढती, विवाह, अपत्याचा जन्म आणि पदक, सारे त्यात येते. हा आदेश रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसमध्ये जातो आणि तेथे जवानाच्या सेवापत्रकात नोंद होते. डिस्चार्ज बुकमधील मजकूर याच नोंदींवरून भरला जातो.

या साखळीतील एखादी कडी तुटली की पदक कागदावर येत नाही. युनिटने आदेश काढलाच नाही, आदेश निघाला पण रेकॉर्ड ऑफिसला पोहोचला नाही किंवा जवान निवृत्त झाल्यानंतर पदक जाहीर झाले, अशी कारणे असू शकतात. त्यामुळे ‘माझे पदक राहिले’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘या पदकाचा पार्ट टू ऑर्डर निघाला होता का, त्याचा क्रमांक व तारीख काय’ असे विचारले, तर चूक कुठे झाली ते लवकर कळते.

कोणत्या पदकाचा काय फायदा?

पदके ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिला प्रकार सेवा आणि मोहीम पदकांचा. १९७१ च्या युद्धासाठीचे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम मेडल, कारगिलसाठीचे ऑपरेशन विजय मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल, दीर्घ सेवेची पदके ही त्याची उदाहरणे. ठरावीक भागात ठरावीक काळ सेवा केली की पात्रता मिळते. त्यांना मासिक भत्ता नसतो.

दुसरा प्रकार शौर्य पदकांचा. ती राष्ट्रपतींच्या मंजुरीने दिली जातात आणि भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. १ ऑगस्ट २०१७ पासून केंद्राकडून मिळणारा मासिक भत्ता असा :

• परमवीर चक्र : २०,००० रुपये
• अशोक चक्र : १२,००० रुपये
• महावीर चक्र : १०,००० रुपये
• कीर्ती चक्र : ९,००० रुपये
• वीर चक्र : ७,००० रुपये
• शौर्य चक्र : ६,००० रुपये
• सेना, नौसेना व वायुसेना मेडल (शौर्य) : २,००० रुपये

सैनिकाच्या पश्चात हा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो.

एका शब्दाने किती फरक पडतो?

सेना मेडल दोन कारणांसाठी दिले जाते : शौर्यासाठी आणि विशिष्ट सेवेसाठी. भत्ता केवळ शौर्यासाठीच्या पदकाला आहे. नोंदीत नुसते ‘सेना मेडल’ असेल आणि पुढे ‘शौर्य’ हा शब्द नसेल, तर वर्षाला २४,००० रुपयांचा प्रश्न उभा राहू शकतो. अशा वेळी राजपत्रातील अधिसूचना हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

नावांचा घोळ

नावातील साम्यामुळे किती मोठी चूक होऊ शकते, याचे उदाहरण कारगिल युद्धातच आहे. १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव यांचे परमवीर चक्र १९९९ मध्ये मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. प्रत्यक्षात ते रुग्णालयात उपचार घेत होते. याच पलटणीतील त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता. देशातील सर्वोच्च शौर्य पुरस्काराबाबत असे घडू शकते, तर साध्या मोहीम पदकाबाबतही घडू शकते.

धडगाव परिसरात पावरा, वसावे, पाडवी, तडवी ही आडनावे घरोघरी आहेत. इंग्रजीत ती वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिली जातात. आधार कार्डवर एक, डिस्चार्ज बुकवर दुसरे आणि बँकेत तिसरे स्पेलिंग असेल तर अर्ज अडकतो. म्हणून प्रत्येक पत्रात नावाआधी सेवा क्रमांक लिहावा.

अर्ज कुठे करायचा?

जवान आणि जेसीओंचा अर्ज त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे अहिल्यानगरला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, तर महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, वायुसैनिकांच्या दिल्लीत सुब्रतो पार्क येथे असतात.

अर्जात सेवा क्रमांक, हुद्दा, युनिट, कालावधी, तैनातीचे ठिकाण आणि पदकाचे पूर्ण नाव द्यावे. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि पुराव्याच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवल्यास पाठपुरावा सोपा जातो. भत्त्याचा प्रश्न असेल तर दुरुस्तीनंतर सुधारित पीपीओ निघाला आहे का आणि ‘स्पर्श’ प्रणालीत तो दिसतो का, हेही पाहावे लागते.

उत्तरच आले नाही तर?

माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून सेवापत्रकाची आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत मागता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रारही नोंदवता येते.

त्यानंतरचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आधी खात्यांतर्गत दाद मागावी लागते आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. कारगिलमध्ये बटालिक भागात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदरसिंग यांच्या बाजूने याच न्यायाधिकरणाने मे २०१० मध्ये निकाल दिला. तो वाद पदकाच्या रकान्याचा नव्हता, युद्धातील कामगिरीच्या अधिकृत नोंदीचा होता. मात्र लष्कराची नोंदही तपासून बदलता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

येथे एक फरक महत्त्वाचा. जाहीर झालेले पण नोंदीतून राहिलेले पदक ही दुरुस्ती आहे. ‘मला पदक मिळायला हवे होते’ ही वेगळी मागणी आहे. रेकॉर्ड ऑफिस पहिली चूक सुधारू शकते, नवे शौर्य पदक देऊ शकत नाही. दोन्ही मागण्या एका अर्जात मिसळल्या तर सोपे कामही रखडते.

घाई का करावी?

सेवेची कागदपत्रे कायम जपली जात नाहीत. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रे लष्कराच्या नियमानुसार २५ वर्षांनी नष्ट केली जातात. त्यानंतर ‘लाँग रोल’मधील त्रोटक नोंद तेवढी उरते. १९७१ चे युद्ध लढलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. सोबतीचे साक्षीदारही कमी होत आहेत.

अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागाराला १९७३ मध्ये आग लागून १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली जळाल्या. तेथे वेतनाच्या व इतर कार्यालयांच्या नोंदींवरून माहिती पुन्हा जुळवली गेली. सैनिकी नोंदीतील चुका सुधारण्यासाठी तेथे कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र मंडळे आहेत. आपल्याकडे ही जबाबदारी प्रामुख्याने अर्जदारावरच येते.

धडगावच्या माजी सैनिकाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर सातपुड्याचा घाट उतरावा लागतो. नर्मदाकाठच्या पाड्यांवरून तर धडगाव गाठणे हाच एक प्रवास. त्यामुळे घरातील तरुणांनी आजच एक काम करावे : आजोबांचे किंवा वडिलांचे डिस्चार्ज बुक उघडून पदकांचा रकाना वाचावा, पेटीतील पदकांशी ताडून पाहावा आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावा. फरक आढळला तर अर्ज सैनिक स्वतः हयात असतानाच जावा. कोणत्या पलटणीत, कोणत्या चौकीवर, कोणत्या वर्षी हे सर्वांत खात्रीने तोच सांगू शकतो.