कडपा म्हटलं, मोबाईलनं कपडा ऐकलं

मित्रांनो, आज राजकारण नाही. थोडं मोबाईलबद्दल आणि थोडं धानाबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम सांगणार आहे.

२०२३ चा नोव्हेंबर संपत आला होता. अवकाळी पाऊस आला, आठवत असेल. गोरेगाव तालुक्यात आमचं गाव आहे. तिथं काकाजींचं धान कापून बांधीत पडलं होतं आणि रात्रभर पाणी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, धान कापल्यावर ते वाळायला बांधीतच आडवं पसरून ठेवतात, त्याला आपल्याकडे कडपा म्हणतात. वाळल्यावर भारे बांधायचे, पुंजणं रचायचं आणि मग चुरायचं. कडपा भिजून दोन-चार दिवस तशाच राहिल्या की दाण्याला कोंब फुटतो, आणि कोंब फुटलेलं धान व्यापारी हातात घेऊन नाक मुरडतो.

त्या वर्षी एक रुपयाचा पीकविमा होता. कापून पसरलेल्या पिकाचं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, असा नियम होता. काकाजी सत्तरीच्या पुढचे, शाळा चौथीपर्यंत. घरात नातवाचा मोबाईल होता. माईकचं चिन्ह दाबायचं आणि विचारायचं, एवढं त्यांना शिकवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "कडपा भिजल्या, इम्याले कसा सांगू?"

स्क्रीनवर उमटलं "कपडा भिजला", आणि खाली पावसाळ्यात कपडे लवकर कसे वाळवायचे याचे व्हिडिओ. दुसऱ्यांदा विचारलं तर आंध्रातल्या कडप्पा शहराचं हवामान. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच फोन लावला. "बाबू, हा मोबाईल मराठी शिकला म्हनत होतास ना? याले माजी बोली समजत नाही गा."

मी हसलो. मग ओशाळलो. कारण दिवाळीत गावी गेलो तेव्हा "आता टाइप करायची गरज नाही, नुसतं बोला" असं मीच मोठ्या रुबाबात सगळ्यांना सांगून आलो होतो. शेवटी गोंदियात बसून मी त्यांचा अर्ज भरला, तोवर ७२ तासांतला दीड दिवस गेलेला. अर्ज वेळेत गेला. पण ज्यांचा कोणी पत्रकार पुतण्या नाही, त्यांचं काय झालं असेल, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

मला गॅजेटचा नाद आहे, लपवत नाही. डिप्लोमा करताना पहिली खरेदी कॅसेटच्या टेपरेकॉर्डरची होती. तेव्हापासून नवीन काही आलं की बघितल्याशिवाय राहवत नाही. मित्र विचारतात, काय घेऊ? तर माझं मत असं. घडीचा फोन घेऊ नका, फोनची घडी घालायची गरज मला अजून पडलेली नाही. झोप मोजणारं घड्याळ हौस असेल तर घ्या, बाकी झोप झाली की नाही ते सकाळी आरशात दिसतं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजत बसू नका. कॅमेऱ्याचा चष्मा मी लावणार नाही, समोरच्याला न सांगता त्याचं चित्रण करणं पत्रकाराला शोभत नाही.

पण एका गोष्टीवर माझा विश्वास आहे, ती म्हणजे आवाज. आपल्या जिल्ह्यानं कीबोर्ड शिकलाच नाही. सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, माणसं व्हॉट्सअपवर टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. देवनागरीत टाइप करणं सुशिक्षितालाही जमत नाही. त्यामुळे आवाज ओळखणारं यंत्र चांगलं झालं तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला होईल.

आणि सगळं त्याच दिशेनं चाललं आहे. केंद्राची 'भाषिणी' २०२२ मध्ये आली. पीएम किसानसाठी 'किसान ई-मित्र' २०२३ मध्ये आलं. राज्याच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप २०२५ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण मंजूर झालं. तिकडे ॲपलनं सप्टेंबर २०२५ मध्ये कानातल्या इअरफोनमधून थेट भाषांतर सुरू केलं, सुरुवातीला इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज आणि स्पॅनिशसाठी. आज ना उद्या मराठीही येईल. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. मराठी येईल, म्हणजे कोणाची मराठी येईल?

आता कडप्याचा कपडा का झाला ते बघू. हे यंत्र शब्द समजून घेत नाही, अंदाज बांधतं. हजारो तासांचं बोलणं आणि त्याचं लिहिलेलं रूप त्याला दाखवलेलं असतं. कानावर आवाज पडला की त्या आवाजाशी जुळणारे शब्द कोणते आणि त्यातला जास्त शक्यतेचा कोणता, हा हिशेब ते करतं. "कपडा" त्यानं लाखो वेळा पाहिला आहे, "कडपा" जवळपास नाहीच. म्हणून काकाजी स्पष्ट बोलले तरी यंत्राला वाटतं, म्हातारा चुकला असेल, कपडाच म्हणायचं असेल.

या शिकवणीत आपला वाटा किती? एक आकडा देतो. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये 'व्हिस्पर' नावाचं आवाज ओळखणारं मॉडेल सगळ्यांना फुकट खुलं केलं. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलं होतं. त्यात इंग्रजी सोडून बाकी ९६ भाषांच्या लिहून काढलेल्या बोलण्याचा वाटा सगळा मिळून १,१७,००० तास. त्या ९६ मध्ये मराठी एक. त्या मराठीत झाडीबोली किती असेल, विचार करा.

आपल्याकडे तर सगळंच वेगळं. बाहेरचा महाराष्ट्र भात म्हणतो, आपण धान म्हणतो. ते लावणी म्हणतात, आपण रोवणी. रोपांना आपण पऱ्हे म्हणतो, शेताला बांधी, छोट्या तळ्याला बोडी. आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'ळ' चा 'र' होतो आणि 'ण' चा 'न'. डोळ्याला डोरा म्हणतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, ती अशुद्ध मराठी नाही, तिला तिचे नियम आहेत हे दाखवलं. पण तो अभ्यास पुस्तकात राहिला, यंत्रापर्यंत गेला नाही.

कपड्याचा विनोद झाला, ठीक आहे. आता हे बघा. समजा एखाद्या बाईनं विचारलं, "पऱ्हे पिवरे पडले, काय टाकू?" आणि यंत्रानं पऱ्हे हा शब्द पऱ्हाटी ऐकला. पऱ्हाटी म्हणजे कापूस. ते कापसाचं औषध सांगेल. "मला नीट कळलं नाही" असं म्हणायची या यंत्रांना फारशी सवय नाही, ती चुकीचं उत्तरही ठामपणे देतात. बाई दुकानात जाईल, पैसे मोजेल, फवारेल. नुकसान कोणी भरून द्यायचं? ॲपच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच की जबाबदारी आमची नाही.

काही मित्र म्हणतील, लोकांनीच शुद्ध मराठी बोलावं. मीही वीस वर्षांपूर्वी असंच म्हणायचो. पण सत्तरीच्या माणसानं आपली जीभ बदलायची आणि कोट्यवधी खर्चून बनवलेल्या यंत्रानं बदलायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि इथं मला माझी चूक कबूल करायची आहे. यंत्र लिहिलेल्या भाषेवरही शिकतं. मराठीत इंटरनेटवर सगळ्यात जास्त लिहिलेलं काय आहे? बातम्या. म्हणजे माझ्यासारख्यांनी लिहिलेलं. डिप्लोम्यात आम्हाला प्रमाण मराठी घोटवली. मी शेकडो शेतकऱ्यांशी बोललो असेन. ते म्हणाले, "कडपा सडल्या, हाती काही लागनार नाही." मी छापलं, "कापणी केलेल्या पिकाचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याची खंत शेतकऱ्यांनी व्यक्त केली." कधी कडपा हा शब्द राहिला, पण बोलणं राहिलं नाही. आपल्या माणसांचा आवाज मी स्वतः पुसून टाकला, आणि आता यंत्राला दोष देतो आहे. जुन्या कॅसेटवरही मी नव्या मुलाखती भरत गेलो. त्या कॅसेट आज असत्या तर केवढं काम झालं असतं.

गोंडीचं उदाहरण बघा. १ सप्टेंबर २०२५ ला केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप चाचणी स्वरूपात आणलं. आयआयटी दिल्ली आणि इतर संस्थांनी मिळून ते केलं. संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी अशा चार भाषा घेतल्या. गोंडी छत्तीसगडची आहे, आपल्या देवरी-सालेकशाची थोडी वेगळी पडेल, तरी सुरुवात झाली. म्हणजे इच्छा असली की होतं. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर होते, मराठीवाले ८ कोटींवर. पण आपली बोली 'मराठी' या एका रकान्यात मोजली जाते, म्हणून ती वेगळी कोणाला दिसतच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या अभिजात मराठीत काकाजींचं वाक्य बसतं का, हे कोणी विचारलं नाही.

कामं चालू नाहीत असं नाही. आयआयटी मद्रासच्या 'एआयफॉरभारत' नं २२ भाषांचं बोलणं गोळा केलं, त्यातलं बरंचसं वाचून दाखवलेलं नसून सहज बोललेलं आहे. बंगळुरूच्या आयआयएससी आणि गुगलचा 'वाणी' प्रकल्प जिल्हावार आवाज गोळा करतो. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' वर कोणीही मराठीत आवाज देऊ शकतो. यात आपली माणसं किती बोलली, हे शेवटी आपल्यावरच आहे.

आवाज देणं धोक्याचं नाही का? आहे. दोन मिनिटांच्या आवाजावरून हुबेहूब नक्कल होते आणि त्यावरून फसवणूक होते. म्हणून कुठल्याही अनोळखी ॲपला, "बोला आणि बक्षीस जिंका" वाल्यांना आवाज देऊ नका. देताना कोण घेतंय, कशासाठी घेतंय, नाव-नंबर जोडणार का, हे विचारा. विचारलं की जो चिडतो, त्याला देऊ नका.

माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो.

एक. शेतकऱ्यासाठी बोलणारं कुठलंही ॲप आणलं की ते आधी गावात तपासा. मुंबईच्या सभागृहात नको. आमगावच्या बाजारात, तिरोड्याच्या एखाद्या चावडीवर, साठीच्या बायांकडून. दहा प्रश्न विचारा, किती बरोबर ऐकले ते जाहीर करा. ट्रॅक्टर घेताना आपण चालवून बघतो ना?

दोन. धानशेतीच्या शब्दांची यादी करून यंत्राला द्या. हे फार महागडं काम नाही. आवाज ओळखणाऱ्या यंत्राला "हे शब्द इकडे जास्त येतात" असं वेगळं सांगता येतं. पाचशे शब्द पुरेत. साकोलीचं कृषी संशोधन केंद्र, हिवऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि आपल्या कॉलेजांचे मराठी विभाग एकत्र बसले तर एका उन्हाळ्यात होईल.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. यंत्राला कळलं नाही तर पुढे माणूस हवा. ॲप आलं म्हणून हेल्पलाइनवरचा माणूस काढू नका. पीकविम्याचे नियम २०२५ मध्ये बदलले, आता पीक कापणी प्रयोगावर भर आहे. पुन्हा बदलतील. पण मुदतीचं काम दर वर्षी काही ना काही असणारच. मुदत यंत्राच्या कानांवर अवलंबून ठेवली, तर ज्याची बोली यंत्राला येते त्याचा अर्ज जाईल आणि ज्याची येत नाही त्याचा राहील.

आता काम. घरात आजी-आजोबा असतील तर आज संध्याकाळी त्यांना विचारा, तुमच्या वेळी रोवणी कशी व्हायची? अर्धा तास बोलू द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा, मध्ये शुद्ध करू नका. फाईल जपून ठेवा, कुठे टाकू नका. आणि त्यातले जे शब्द तुमच्या मोबाईलला कळत नाहीत, ते इथे खाली लिहा, अर्थासकट. यादी मी सांभाळतो आणि वर सांगितलेल्या दोन्ही केंद्रांना लेखी देतो. दिल्यावर पोच इथंच टाकीन.

पहिला शब्द काकाजींचा. कडपा.

काल त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. म्हणाले, "लिव बाबू. पन शुद्ध करू नको."

केलं नाही, काकाजी.