एका शाखेतले दोन देश

हद्द म्हणजे काय, हे खडकीकराला वेगळं शिकवावं लागत नाही. बोपोडीकडून चालत आलात की महापालिका संपते आणि कँटोन्मेंट सुरू होतं. रस्ता तोच, धूळ तीच, पण घरपट्टी भरायचं कार्यालय बदलतं आणि बांधकामाला परवानगी देणारा साहेबही बदलतो. पलीकडे १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. तिथे तर पासाशिवाय पाऊल टाकता येत नाही. या हद्दींबद्दल इथे कुणी कुरकुर करत नाही, कारण त्या डोळ्यांना दिसतात. पाटी असते, फाटक असतं, पहारेकरी असतो. पण आता खडकीतल्या बऱ्याच घरांत अशी एक हद्द येऊन बसली आहे, की जिला पाटीही नाही आणि पहारेकरीही नाही. ती बँकेच्या शाखेत असते, दोन इथल्याच खात्यांच्या मधे.

माझे एक स्नेही कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. मुलगा बाहेरदेशी नोकरीला. यांच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याने इथल्याच शाखेतल्या आपल्या खात्यातून सहा लाख रुपये वडिलांच्या खात्यात टाकले. क्षणात आले. पुढे विम्याचे पैसे मिळाल्यावर हे गृहस्थ चेक घेऊन शाखेत गेले. मुलाचे पैसे मुलाला परत करायचे, एवढाच सरळ हिशेब. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, या खात्यात नाही भरता येणार. ते एनआरआय खातं आहे." काकांनी विचारलं, "याच खात्यातून आले होते ना? मग याच खात्यात परत का जात नाहीत?" मुलगी पुन्हा म्हणाली, "नाही होत काका." मागे रांग होती. तिचंही चुकलं नाही आणि यांचंही नाही. पण काका घरी आले ते अपमान झाल्यासारखे. "चाळीस वर्षं याच बँकेत पगार जमा झाला," ते मला म्हणाले, "आणि आता पोटच्या पोराचे पैसे फेडायला यांची परवानगी?"

मी बँकेत अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली, तेव्हा हे उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं. नियम बरोबर आहे. त्या मुलीने तो पाळला तेही बरोबर. चूक एवढीच की 'नाही होत' या दोन शब्दांच्या पुढे कुणी काही सांगितलं नाही.

परदेशी राहणाऱ्याची इथे मुख्यतः दोन प्रकारची रुपया खाती असतात. एक एनआरई, म्हणजे अनिवासी बाह्य. यात बाहेर कमावलेले पैसे येतात. ते मुद्दल आणि त्यावरचं व्याज केव्हाही, कुणाला न विचारता, परत परदेशी नेता येतं; त्या व्याजावर भारतात आयकरही नाही. दुसरं एनआरओ, म्हणजे अनिवासी सामान्य. यात इथलं उत्पन्न जातं: घरभाडं, लाभांश, विकलेल्या जागेचे पैसे, वडिलांनी दिलेली भेट किंवा परतफेड. याच्या व्याजातून तीस टक्के कर आणि वर उपकर बँक आधीच कापून घेते. बाह्य खात्यातून सामान्य खात्यात, किंवा इथल्या आईवडिलांच्या खात्यात, पैसे हवे तेवढे जातात. उलट दिशेला मात्र चढ आहे. आमच्या फोरमनसाहेबांचे रुपये इथले, खडकीतले. ते मुलाच्या सामान्य खात्यात खुशाल जाऊ शकले असते. बाह्य खात्यात नाही.

असं का, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या लहरीत नाही, आपल्या इतिहासात आहे. ही बाह्य खात्याची योजना १९७० सालची. परदेशातल्या भारतीयांनी पैसे इथे ठेवावेत म्हणून सरकारने त्यांना शब्द दिला होता की, तुम्ही डॉलर आणा, आम्ही त्याचे रुपये करू, आणि तुम्ही मागाल तेव्हा पुन्हा डॉलर देऊ. म्हणजे त्या खात्यातला प्रत्येक रुपया हा नुसता रुपया नसतो, परकीय चलन परत देण्याची ती एक चिठ्ठी असते. खडकी बाजारात कमावलेला रुपया कुणीही त्यात टाकू लागला, तर न आलेल्या डॉलरचंही देणं सरकारवर चढेल.

या चिठ्ठीची परीक्षा आम्ही काउंटरमागे बसून पाहिली आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं. लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. तेलाचे भाव चढले, बाहेरच्या ठेवीदारांचा धीर सुटला आणि ठेवी निघू लागल्या. १९९१ च्या मध्यावर देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. सोनं बाहेर गहाण पडलं. तरीही दिलेला शब्द मोडला नाही. त्या दिवसांत आखातातून नेसत्या वस्त्रांनिशी परतलेला एक फिटर माझ्यासमोर बसला होता. तिकडचं सगळं गेलं होतं. इथल्या खात्यातली शिल्लक मी त्याला वाचून दाखवली, तेव्हा तो ती पुन्हा पुन्हा वाचायला सांगत राहिला. तेव्हापासून या खात्याभोवतीचं कुंपण मला कधी जाचक वाटलं नाही.

आणि हे कुंपण आता पूर्वीइतकं उंचही नाही. १९७३ चा 'फेरा' कायदा परकीय चलन हाताळणाऱ्याकडे गुन्हेगाराच्या नजरेने पाहत असे. त्याच्या जागी १९९९ चा 'फेमा' आला आणि जून २००० पासून लागू झाला. २०१२ पासून तर सामान्य खात्यातून स्वतःच्याच बाह्य खात्यात पैसे वळते करायचीही मुभा मिळाली: एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत, पैसा कुठून आला याचे कागद आणि कर भरल्याचा पुरावा देऊन. त्यासाठी बँका सहसा चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला मागतात. खडकीतल्या कुठल्या मध्यमवर्गीय घराला ही मर्यादा आड येणार आहे? अडतं ते कागदांपाशी, आणि त्याहून अधिक कुणी नीट न सांगितल्यापाशी.

गोंधळाचं मूळ 'निवासी' या शब्दात आहे. आपल्याला वाटतं, भारतीय पासपोर्ट तो आपला आणि परका पासपोर्ट तो परका. परकीय चलनाचा कायदा पासपोर्ट पाहत नाही, माणूस कुठे आणि कशासाठी राहतो ते पाहतो. नोकरीसाठी पुण्यात येऊन राहिलेला जर्मन इंजिनिअर इथला निवासी ठरतो. त्याला तुमच्या-आमच्यासारखं साधं बचत खातं मिळतं. खडकीत जन्मलेला, खडकीत शाळा शिकलेला मुलगा नोकरीसाठी विमानात बसला, की त्या दिवसापासून अनिवासी. आयकराचा कायदा पुन्हा निराळा. तो दिवस मोजत बसतो. त्याहून गंमत म्हणजे, सोसायटीच्या फाटकावरचा नेपाळी रखवालदार २००८ पासूनच्या खास सोयीमुळे एनईएफटीने इथून थेट नेपाळला पैसे पाठवू शकतो. या सोयीची मर्यादा २०२१ मध्ये पन्नास हजारांवरून दोन लाखांवर गेली. पैसे खरोखर सीमा ओलांडतात आणि बिनबोभाट पोहोचतात. वर तिसऱ्या मजल्यावरचे फोरमनसाहेब मात्र मुलाच्या त्याच शाखेतल्या खात्यापर्यंत पोहोचत नाहीत. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. पण ते ज्याला कुणी समजावून सांगितले नाहीत, त्याला ही थट्टाच वाटणार.

आता घराघरांतलं चित्र पाहा. मुलगा जायच्या आधी दोन महिने घरात लगीनघाई असते. बॅगांचं वजन होतं, भाजणी दळून येते, लोणचं गळू नये म्हणून तीन पिशव्यांत बांधलं जातं. बँकेत मात्र कुणी जात नाही. पुण्यात नोकरी करताना उघडलेलं त्याचं साधं खातं तसंच राहतं. वास्तविक गेल्याचं बँकेला कळवून ते सामान्य अनिवासी खातं करून घ्यायला हवं. ते राहून जातं. मुदत ठेव त्याच खात्यावर पिकत राहते आणि कर निवासी माणसाच्या दराने कापला जातो. जुन्या सिमकार्डावर ओटीपी येतो, ते कार्ड आईच्या फोनमध्ये असतं, आणि मुलगा तिकडून मध्यरात्री फोन करून "आई, सहा आकडे सांग" म्हणतो. आई चष्मा शोधते. सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. फेमाखाली यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. दंडाची भीती घालायला मी हे लिहीत नाही. साध्या घरांवर तशी वेळ सहसा येत नाही. खरी अडचण निराळीच येते.

ती येते आजारपणात. मुलाच्या खात्यात पैसे आहेत, वडील रुग्णालयात आहेत, आणि त्या खात्याला हात कोण लावणार? 'खात्यावर माझंही नाव आहे' असं आई म्हणते. पण अनिवासी मुलाच्या खात्यात इथल्या नातेवाइकाचं नाव 'पहिला किंवा हयात' याच अटीवर लागतं. म्हणजे मुलगा हयात असेतो आईची सही आपोआप चालत नाही. त्यासाठी मुलाने तिला बँकेत रीतसर अधिकारपत्र द्यावं लागतं. ते दिलं की इथली देणी ती भागवू शकते. मुलाच्या वतीने कुणाला भेट मात्र देऊ शकत नाही. उलट, आईवडिलांच्या स्वतःच्या खात्यात अनिवासी मुलाचं नाव 'दोघांपैकी कोणीही' या अटीवर राहू शकतं; त्यातले पैसे फक्त त्यांच्यासाठी वापरायचे, इतकंच. दोन वाक्यांचा फरक. वेळेवर कळला तर एक सही, नाही कळला तर रुग्णालयाच्या जिन्यात उभं राहून केलेले दहा फोन.

ही काही मूठभर श्रीमंतांची गोष्ट नव्हे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेली रक्कम सुमारे १२९ अब्ज डॉलर होती. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यातला सर्वांत मोठा, सुमारे वीस टक्क्यांचा वाटा महाराष्ट्रात आला, केरळच्याही किंचित पुढे. एवढा पैसा ज्या राज्यात येतो, तिथल्या काउंटरवर त्याची भाषा मराठी असायला नको का? ग्राहकांचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असावेत, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं आहे. बचत खात्याच्या स्लिपवर ते पाळलेलं दिसतं. अनिवासींचे अर्ज मात्र माझ्या पाहण्यात बहुधा इंग्रजीतच आले. जणू परदेशी गेलेल्याचे आईवडीलही त्याच विमानाने गेले.

आमच्या काळी बँका फार कार्यक्षम होत्या, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. साधा ड्राफ्ट काढायला अर्धा दिवस जाई. मुंबईहून आलेला चेक वटायला किती दिवस लागतील, हे देव जाणे. आज एनईएफटी रात्री दोन वाजताही चालते, आणि काही ठरावीक देशांतल्या अनिवासींना तर तिथल्याच मोबाइल क्रमांकावर यूपीआय वापरायची सोय २०२३ पासून आहे. आईच्या चष्म्यावर अवलंबून राहायची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली. वेग आला, तो चांगलाच आहे. पण वेगाबरोबर काउंटरवरचा तो माणूस गेला, जो खुर्ची पुढे ओढून "बसा, सांगतो" म्हणायचा. यंत्र 'व्यवहार नाकारला' एवढं सांगतं. का नाकारला आणि कुठल्या दाराने गेलं तर होईल, हे माणसानेच सांगायचं असतं.

म्हणून बँकांकडे माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक शाखेत एक पान हवं, मराठीत, ठळक अक्षरांत: मुलगा-मुलगी परदेशी निघाल्यावर काय करायचं, कोणत्या खात्यात कोण पैसे भरू शकतं, परत आल्यावर काय. आणि 'नाही होत' म्हणणाऱ्या प्रत्येकाला पुढचं वाक्य म्हणायची सवय लावावी: "या खात्यात नाही होत, त्या खात्यात होईल." तरीही दाद लागली नाही, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, हा मार्ग ग्राहकाला मोकळा आहे.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. निघायच्या आठवड्यात एक सकाळ बँकेसाठी ठेवा. जुन्या खात्याचं नाव बदलून घ्या, अधिकारपत्रावर सह्या करा, वारसाचं नाव पाहून घ्या. आणि दोन्ही खात्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. एकापुढे लिहा: 'यातून आम्हाला पैसे येतील.' दुसऱ्यापुढे लिहा: 'यात आम्ही पैसे भरू शकतो.' फोरमनसाहेबांच्या कपाटावर असा कागद आता आहे. त्यांचे सहा लाख मुलाच्या दुसऱ्या खात्यात गेले. "घेतलेस ना?" असं त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा मुलगा रागावला म्हणे. बापाचे पैसे परत घेण्याचा नियम त्याला मान्य नव्हता. त्या दोघांच्या मधे आता बँक नाही, हे बरं झालं.